पुंगळी काढलेली गाडी आणि माझे कान

कोल्हापुरात हळू बोलणारा माणूस दोनच प्रकारचा. एक तर आजारी, नाहीतर नवा जावई. बाकी आम्ही सगळे शेजारी बसलेल्याशी असं बोलतो, की तो नदीच्या पलीकडच्या काठावर उभा आहे. "काय पावणं, जेवलासा का न्हाई?" एवढं प्रेमानं विचारलं तरी बाहेरगावचा माणूस दोन पावलं मागं सरकतो. हे मी आजवर मोठ्या अभिमानानं सांगत आलो. हल्ली जरा कमी अभिमानानं सांगतो. कारण अशा गावात एखादा बहिरा होत चालला तर ते त्याला कळत नाही आणि घरच्यांनाही कळत नाही. सगळेच ओरडून बोलतात म्हटल्यावर ऐकू येणारच की!

माझ्या कानात शिट्टी सुरू झाली म्हणून निदान काहीतरी बिनसलंय एवढं तरी कळलं.

मी राहतो कसबा बावड्यात. नोकरी कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत, मशीन शॉपमध्ये सुपरवायझर. पंचतारांकित म्हणजे काय ते मला आजतागायत कळलेलं नाही. आत दिवसभर लोखंड कापल्याचा आवाज आणि कॅन्टीनचा चहा, दोन्हीला एकही तारा देण्यासारखा नाही. घराच्या मागं गोठा, गोठ्यात म्हैस. नोकरी पोटासाठी आणि म्हैस इभ्रतीसाठी. इभ्रतीची म्हैस म्हणजे जी पाडव्याला पळते.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. दिवाळीच्या पाडव्याला आम्ही म्हशी सजवतो. अंगावरचे केस भादरून नक्षी काढतो, शिंगं रंगवतो, गळ्यात कवड्यांच्या माळा घालतो, आणि मोटारसायकलच्या मागं पळवतो. म्हैस बांधलेली नसते. ती मालकाच्या मागं आपणहून पळते, हीच तर खरी शान. गाडीची मात्र पुंगळी काढायची. पुंगळी म्हणजे सायलेन्सर. ती काढली की गाडी असा आवाज करते की छातीचा पिंजरा हलतो. का काढायची, असं कुणी विचारत नाही. काढायची असते. आमच्या वडिलांनी काढली, चुलत्यानं काढली, मी काढली. पाडव्याच्या आधी महिनाभर रोज सकाळी उसाच्या कडेच्या पाणंदीतून सराव चालतो, आणि गाडीवर बसलेल्या माणसाच्या दोन्ही कानांशेजारी तो आवाज फुटत राहतो. पाडवा झाला की दोन दिवस कान गच्च. मग मोकळे होतात. दरवर्षी होत होते. त्या वर्षी झाले नाहीत.

उलट आत शिट्टी सुरू झाली. पहिल्या दिवशी मी सोप्यातनं ओरडलो, "अगं, कुकरचा गॅस बंद कर की!" बायको बाहेर आली आणि माझ्याकडं बघत राहिली. कुकर चढवलाच नव्हता.

मग सल्लागार मंडळ बसलं. कोल्हापुरात आजार सांगायला एक तोंड लागतं आणि औषध सांगायला सगळं गाव धावतं. एकानं लसणाचं गरम तेल सांगितलं, ते घातलं. एकानं पांढरा रस्सा प्यायला सांगितला, वाफेनं कान मोकळा होतो म्हणे. तो मी दोन वाट्या जास्तच प्यालो, कारण औषधाच्या बाबतीत हयगय बरी नव्हे. शॉपमधल्या एका विद्वानानं कॉम्प्रेसरची हवा मारून देतो म्हणून पाइपच हातात घेतला. त्याला मी शिव्या दिल्या, तर म्हणाला, "सायेब, गाडीचा कार्बोरेटर असाच निघतोय की साफ." माझ्या चुलत भावाचा सल्ला सगळ्यांत शास्त्रीय. तो माझ्याहून धाकटा, पण म्हशीच्या बाबतीत स्वतःला माझा गुरू समजतो. तो म्हणाला, "दादा, मिरवणुकीत डॉल्बीच्या भिंतीम्होरं उभा ऱ्हा. लोखंडाला लोखंड कापतंय." आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला म्हणतात, त्यातली गत. इथं तर पखालही फुटायची होती.

शेवटी, पाडव्याला दहा महिने उलटल्यावर, बायकोनं मला कानाच्या डॉक्टरीणबाईंकडं नेलं. नेलं म्हणजे रिक्षात बसवलं. बायको माझी मलकापूरकडची, रत्नागिरीच्या रस्त्यावरची. तिकडं पाऊस एवढा, की त्याच्याशी स्पर्धा करण्यात अर्थ नाही म्हणून माणसं हळू बोलत असावीत. लग्न झालं तेव्हा तिचं बोलणं मला फार आवडायचं. बारीक आवाज, शब्द शेवटाला विरत जाणारे. पण ती बोलायची मात्र भरपूर, दिवसभरातलं सगळं सांगायची. पुढंपुढं ती कमी बोलायला लागली. मी मित्रांत बसून फुशारक्या मारायचो, "आमच्या घरात शांतता हाय बाबा. बायको शाणी झाली." मित्र हेव्यानं बघायचे.

डॉक्टरीणबाईंनी आधी प्रश्नांचा भडिमार केला. घरी काय उपाय केलात? लसणाचं तेल घातलं. शिट्टी एका कानात का दोन्ही? दोन्हीत, डावीकडं जास्त. नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडते का? नाही. चक्कर येते? नाही. एकाएकी ऐकू यायचं बंद झालं होतं का? नाही. त्या म्हणाल्या, बरं झालं, यातलं काही असतं तर तुम्ही लसूण सोलत बसण्याऐवजी त्याच दिवशी यायला हवं होतं. मग रक्तदाब, साखर, थायरॉईड. गुडघ्यासाठी वेदनाशामक गोळ्या रोज खाता का? त्यांनीही शिट्टी वाजते. रात्री दात खाता का, जबडा दुखतो का, मान आखडते का? मी म्हटलं, "मॅडम, मी कान दाखवाय आलोय." त्या म्हणाल्या, "कान काय बाजारातनं सुटा आणलाय का? तो बाकीच्या शरीरालाच चिकटलाय." बाई कोल्हापूरच्याच, हे तिथं कळलं.

मग कानात दुर्बीण घालून बघितलं. मळ निघाला, त्याच्याबरोबर लसणाची एक पाकळीही निघाली. बायकोनं पदर तोंडाला लावला. मळ निघाला आता शिट्टी जाईल, असं मला वाटलं. ती गेली नाही, उलट जास्त स्वच्छ वाजायला लागली.

पुढं एका काचेच्या खोलीत बसवून कानाला हेडफोन लावले. आवाज आला की बटण दाबायचं. मी बसलो, आणि काचेपलीकडच्या मुलीकडं बघत राहिलो, की ही बाई मशीन चालू कधी करणार. मशीन चालूच होतं. ती माझ्याकडं बघत होती, की हा माणूस बटण कधी दाबणार.

निकालाचा आलेख डॉक्टरीणबाईंनी माझ्यासमोर धरला. जाड आवाजांना रेघ सरळ, बारीक आवाजांना आली की पन्हाळ्यावरनं गाडी सुटल्यासारखी खाली. त्यांनी समजावून सांगितलं. कानाच्या आत बारीक केसांसारख्या पेशी असतात, मोठ्या आवाजानं त्या मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. कान मेंदूला कमी पाठवायला लागतो. मेंदूला वाटतं काहीतरी येतंय पण पोहोचत नाही, म्हणून तो आपल्या बाजूनं आवाज वाढवतो. त्या वाढवलेल्या आवाजात जे ऐकू येतं ती ही शिट्टी.

"म्हंजे शिट्टी कानात न्हाई, डोसक्यात हाय?" मी विचारलं.

"आहे खरीच. वेड लागलेलं नाही तुम्हाला," त्या म्हणाल्या. "पण ती बंद करायची गोळी माझ्याकडं नाही. कुणाकडंच नाही. कुणी आहे म्हणाला तर त्याच्याकडं जाऊ नका."

आता ही काय डॉक्टरकी झाली? गोळी नाही, इंजेक्शन नाही, निदान कडू पातळ औषधाची एक बाटली तरी द्यावी. त्यांनी दिलं काय? तर उपदेश. एक, कानाला लावायचं श्रवणयंत्र. बाहेरचे आवाज नीट आत गेले की मेंदूला ओरडावं लागत नाही आणि शिट्टी मागं हटते. दोन, निजताना खोलीत पूर्ण शांतता ठेवायची नाही. पंखा, हळू आवाजात रेडिओ, काहीतरी चालू पाहिजे. तीन, शिट्टीची भीती आणि चिडचिड वाढली की शिट्टीही वाढते, तेव्हा समुपदेशकाशी चार वेळा बोलून यायचं. चार, शॉपमध्ये कानावर आवाज अडवणारे मफ लावल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही. आणि पाच, पुंगळी काढलेली गाडी कायमची बंद.

"मग म्हस कशी पळंल?" मी विचारलं.

त्यांनी माझ्याकडं बघितलंच नाही. बायकोला विचारलं, "घरी यांना तुमचं बोलणं ऐकू येतं का?"

बायको काहीतरी म्हणाली. मला फक्त ओठ हललेले दिसले. डॉक्टरीणबाई गंभीर झाल्या. मग माझ्याकडं वळून, आमच्या गावच्या आवाजात म्हणाल्या, "आधी जातो तो बारीक आवाज. बायकांचा, लहान पोरांचा, पाखरांचा. यांचा आवाज तुमच्या ऐकण्याच्या अगदी काठावर उभा आहे. अजून एखादा पाडवा असा केलात तर तोही जाईल, आणि मग कुठलंही यंत्र लावलं तरी नीट परत यायचा नाही. गेलं ते गेलं. राहिलेलं राखायचं का नाही, ते तुम्ही ठरवा."

मी घरी येऊन काय ठरवलं असेल? शाण्या माणसानं ठरवलं असतं ते नाही. यंत्र लावायचं नाही, हे आधी पक्कं केलं. चष्मा लावला की माणूस हुशार दिसतो, दात बसवले की तरुण दिसतो, पण कानाला यंत्र लावलं की शॉपमधली पोरं मागनं "आजोबा" म्हणणार. शिवाय, मला सगळं ऐकू येत होतं की! चुलत भाऊ बोललेलं ऐकू येत होतं, साहेब शिव्या देतो ते ऐकू येत होतं, मंडळाच्या पोरांचं ऐकू येत होतं. एका बायकोचं तेवढं येत नव्हतं. ती पुटपुटते त्याला मी काय करू? नाचता येईना अंगण वाकडं, अशा थाटात मी महिनाभर तिच्याच तोंडाला नावं ठेवली. "जरा तोंड उघडून बोलत जा की!" ती म्हणायची, "व्हय." तेवढं मात्र मोठ्यानं.

पण मनात डॉक्टरीणबाईंचा तो काठ रुतला होता. दिवाळी जवळ आली तशी मला भीती वाटायला लागली, खरंखुरं भ्यालो. मी सांगितलं कुणालाच नाही. गुपचूप गाडी मेस्त्रीकडं नेली आणि पुंगळी परत बसवून घेतली. मेस्त्री म्हणाला, "काय झालं, पोलिसांनी धरलं व्हय?" मी हो म्हणालो. बहिरा होईन म्हणून भ्यालोय, असं सांगण्यापेक्षा पोलिसांनी धरलं म्हणणं आमच्याकडं जास्त इज्जतीचं.

चुलत भावाला कळलंच. तो सकाळी पाणंदीवर हजर झाला, बांधावर उभा राहून, हाताची घडी घालून. "पुंगळी काढल्याबिगर म्हस पळती व्हय? तिला आवाज लागतोय दादा. त्या आवाजाच्या मागं येती ती. न्हाईतर तुझं तोंड बघून येती व्हय?"

मी गाडी चालू केली. आवाज कसला तो, दूध घालायला निघालेल्या माणसाच्या गाडीचा. म्हैस पाणंदीच्या तोंडाशी उभी. मी पुढं निघालो आणि अस्सल बावड्याच्या गळ्यानं हाळी दिली, "हाऽऽ! चल गं माझे बाय!" ती हाळी पार साखर कारखान्यापर्यंत गेली असेल. म्हशीनं माझ्याकडं बघितलं, शेपटी उचलली आणि शेण टाकलं.

"घ्या," भाऊ म्हणाला. "जगात भारी."

मी परत फिरलो, परत हाळी दिली. तिनं रवंथ सुरू केला. भावाचं हसू काही थांबेना. मला राग आला, घाम आला, आणि रागात शिट्टी एवढी वाढली की डोकं फुटायची पाळी. डॉक्टरीणबाई गेल्या खड्ड्यात, आत्ताच्या आत्ता पुंगळी उपटून टाकतो, असं म्हणून मी गाडी उभी केली.

तेवढ्यात पाणंदीच्या या टोकाला, माझ्याही पुढं, बायको येऊन उभी राहिलेली दिसली. डोक्यावर वैरणीचा भारा. तिनं म्हशीकडं बघितलं आणि तिचे ओठ हलले. मला काही ऐकू आलं नाही, शिट्टीशिवाय.

म्हशीचे दोन्ही कान मात्र एकदम वळले. रवंथ थांबला. आणि ती निघाली. आधी चालत, मग दुडक्या चालीनं, मग मान पुढं काढून अशी पळत सुटली की माझ्या गाडीच्या शेजारनं धूळ उडवत गेली आणि थेट बायकोच्या पुढ्यात जाऊन थांबली. भाऊ बांधावरनं खाली उतरला. "आयला! वैनीच्या हाकंला आली की!"

"कसली हाक?" मी म्हणालो.

"आत्ता मारली की वैनीनं. तुला न्हाई ऐकू आली?"

तो माझ्यापेक्षा लांब उभा होता. त्याला ऐकू आली होती. म्हैस तर पार टोकाला होती, तिलाही ऐकू आली होती. एवढ्या पाणंदीत एकट्या मला आली नव्हती. मला लाज वाटली. खरं सांगतो, आधी लाज वाटली आणि मग राग आला, तोही म्हशीचा. माझ्या बायकोचा आवाज त्या जनावराला मिळतो आणि मला मिळत नाही! म्हशीवर जळणारा कोल्हापुरात मी पहिलाच नवरा असेन.

पाडव्याचं आत्ताच सांगून टाकतो, उगाच तुमचा जीव टांगणीला नको. बायको गाडीवर माझ्या मागं बसली आणि म्हैस आमच्या गल्लीतनं अशी पळाली की लोक बघत राहिले. पुंगळी काढलेल्या गाड्या यायच्या आत आम्ही घरी पोचलो. काहीजण हसले, त्यांना हसू दे. पुंगळी काढायची गरज म्हशीला कधीच नव्हती. ती आम्हालाच होती, लोकांनी बघावं म्हणून. पण मला सांगायचंय ते पाडव्याच्या आधीचं आहे.

पाणंदीतल्या त्या सकाळनंतर मी कुणाला न विचारता रिक्षा केली आणि यंत्र बसवून आलो. बाहेर पडलो तर जगानं माझ्यावर हल्लाच केला. स्वतःची चप्पल करकरते हे मला माहीत नव्हतं. प्लॅस्टिकची पिशवी एवढी बोलते हेही माहीत नव्हतं. रिक्षावाला सगळ्या रस्त्यानं स्वतःशी गुणगुणत होता. शिट्टी गेली नव्हती, पण गर्दीत मागच्या बाकावर जाऊन बसली होती. डॉक्टरीणबाईंनी एवढंच कबूल केलं होतं. चार-पाच महिने लागतील सवय व्हायला, म्हणाल्या होत्या.

घरी आलो तर पुढं कुणी नव्हतं. मागं गोठ्यात बायको धार काढत होती. मी दाराशी पोचलो आणि थबकलो, कारण आतून बोलणं ऐकू येत होतं. तो लग्नातला बारीक आवाज, शब्द शेवटाला विरत जाणारे. मला वाटलं शेजारीण आली असेल. आत कुणी नव्हतं. बायको म्हशीच्या पोटाला डोकं टेकवून म्हशीशी बोलत होती.

सगळं सांगत होती. सकाळी दूध उतू गेलं ते. थोरल्या लेकीचा फोन आलेला ते. खांदा दुखतोय, वैरणीचा भारा उचलवत नाही ते. मग आईचं. मलकापूरची तिची आई हल्ली माणसं ओळखत नाही. "एकदा डोळ्यांदेखत बघून येऊ या म्हनून किती येळा सांगितलं हेन्ला," ती म्हशीला म्हणाली. "म्हनत्यात, 'व्हय, व्हय.' आन् निघून जात्यात. ती मला तरी ओळखंल का गं आता? तू सांग."

म्हैस कान हलवत ऐकत होती. वर्षानुवर्षं ऐकत आली असणार. त्याशिवाय का पळाली ती एका हाकेला?

मला ते "व्हय, व्हय" आठवलं. जेवताना, दारातनं निघताना, मोबाइलमध्ये बघताना, तिचे ओठ हलले की मी तेच म्हणत होतो. घरात शांतता आहे म्हणून मित्रांना सांगत होतो. मी दारातनंच म्हणालो, "उद्या मलकापूरला जाऊया. सकाळच्या पहिल्या एस्टीनं."

ती दचकली. चरवी सावरून मागं वळली, आणि माझ्याशी बोलताना करायची तसा गळा ताणून, शिरा फुगवून ओरडली, "काय म्हनालासा?"

"हळू बोल," मी म्हणालो. "ऐकू येतंय मला."